फोरमनची शिफ्ट

२५ एप्रिल १९८७, शनिवार

ही डायरी जानेवारीत भिलाईच्या प्लांटकडून मिळाली, रिटायर होण्याच्या आठवड्यात. पहिले चार महिने कोरे आहेत. नऊ मार्चला सुशीला गेली. त्या पानावरही काही लिहिले नाही. सगळ्यांना माहीत होते.

आज लिहायला बसलो कारण तक्रार आहे आणि ती ऐकायला घरात कोणी नाही. सकाळी मूर्ती साहेब सहकुटुंब आले. स्कूटरवर पुढे मुलगा, मागे बायको, बायकोच्या मांडीवर पांढरी पॉमेरेनियन कुत्री, नाव स्नोई. मूर्तीबाई आधी सुशीलाच्या फोटोपुढे रडल्या, मग पिशवीतून ब्रश, पावडर, टॉवेल आणि कुत्री काढून दिली. एलटीसीवर कन्याकुमारीला निघाले आहेत. सुशीलाने जानेवारीतच होकार दिला होता, म्हणाले. तिकिटे तीन महिन्यांपूर्वीची. मी म्हणालो की ती आता नाही. ते म्हणाले, हो, फार वाईट झाले, पण रिझर्व्हेशन कन्फर्म आहे.

माणसाने मरावे, पण आधी मे महिन्याचे पाहून घ्यावे.

सुशीला दर उन्हाळ्यात एलटीसीवर जाणाऱ्यांची कुत्री सांभाळत असे. अकरा वर्षे. आधी सेक्टर सातच्या क्वार्टरमध्ये, गेल्या वर्षी इथे स्मृति नगरला. मोबदला म्हणून लोक प्रसाद आणत. तिरुपती, पुरी, वैष्णोदेवी, देशातला असा एक देव नसेल ज्याचा लाडू आमच्या डब्यात पडला नाही. त्याचा उपयोग मार्चमध्ये दिसला.

माझा या कामाशी संबंध नव्हता. मी सकाळी साडेआठला टाइम ऑफिसला, प्लांटची हजेरी मांडायला, जायचो आणि साडेपाचला यायचो. कुत्री ही घरातल्या कुकरसारखी होती, आवाज यायचा, कशी चालतात ते माहीत नव्हते.

२७ एप्रिल, सोमवार

सान्याल साहेबांचा अल्सेशियन आला. टायगर. खांदा माझ्या कमरेपर्यंत येतो. कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली जातो.

स्नोईला फक्त तेलुगू कळते. मूर्तींच्या मुलाने देवनागरीत चिठ्ठी लिहून दिली आहे. ये म्हणजे रा. बस म्हणजे कूर्चो. नको म्हणजे वद्दु. सुशीला या कुत्रीशी काय बोलत होती, कोणास ठाऊक. ती तर शेजारच्या मद्रासी बाईशीही नागपुरीतच बोलायची आणि दोघींचे तासभर चालायचे.

जेवण: सकाळी चहा. कुंपणापलीकडच्या कांतावहिनीने डबा दिला. टायगरला वाढला.

२९ एप्रिल, बुधवार

सुशीलाचे मामेभाऊ भय्याजी दुर्गहून सांत्वनाला आले. तिसरी वेळ. येतात, कूलरसमोरची खुर्ची घेतात आणि आत्मा कुठल्या मार्गाने कुठे जातो ते सांगतात. मार्ग दर वेळी वेगळा असतो. मी ऐकत असतो, मला मध्ये बोलता येत नाही. आज आत्मा अकराव्या मुक्कामाला पोचला तेव्हा माझ्या तोंडून "वद्दु" निघाले. स्नोई त्यांच्या चपला चावत होती, ती सोडून गप्प बसली. भय्याजीही गप्प बसले. कोणी काय समजले ते मी विचारले नाही.

फोटोपुढे रोज एक घास ठेवायचा, असे भय्याजींनी पहिल्या भेटीत सांगितले होते. ठेवतो. टायगर तो खातो. सुशीलाही आपल्या ताटातला कुत्र्यांनाच द्यायची. मधला माणूस तेवढा कमी झाला.

२ मे, शनिवार

आज न ठरलेले तिसरे कुत्रे आले.

तेजराम. ब्लास्ट फर्नेसला आहे, मूळ भंडाऱ्याचा, एकटा माणूस, जवळच कोहक्याला खोली घेऊन राहतो. त्याला मी तीस वर्षे खिडकीच्या जाळीतून पाहिले आहे, पूर्ण उंचीचा आज पहिल्यांदा पाहिला. दोरीला बांधलेला एक गावठी कुत्रा घेऊन फाटकाशी उभा. पिवळट, म्हातारा, एक कान फाटलेला.

"बाबूजी, मले वेल्लोरले जा लागते. पोटाचं आपरेशन आहे. ह्याले कोनी ठेवून नाही राहिले."

मी म्हणालो की मला कुत्र्यांचे काही येत नाही.

"तुमाले कोनतं येत होतं? तीस वर्सात तीनदा लेट लावला मले. दोनदा तुमचीच घडी पुढं होती."

नाव विचारले. फोरमन. का, तर खऱ्या फोरमनला हाकलता येत नाही, याला येते. मग तो कुत्र्याजवळ उकिडवा बसला आणि त्याच्या फाटक्या कानाशी काही बोलला. उठला तेव्हा माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मी येतो तवर हा ऱ्हायला पाहिजे, बाबूजी. मांगं दुसरं कोनी नाही माझं."

महिनाअखेरपर्यंत येईन म्हणाला. मी हो म्हणालो. नाही म्हणायला वाक्य लांब लागते.

५ मे, मंगळवार

सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला जेवण असा नियम केला आहे. सुशीलाने वेळा लिहून ठेवल्या नव्हत्या, म्हणून मी ठरवल्या. स्नोई आणि टायगर बरोबर आठला हजर होतात. फोरमन तीन दिवसांत जेवला नाही. पाणी पितो. भात, पोळी, दूध, सगळे हुंगतो आणि मान फिरवतो. अर्ध्या तासाने मी ताटली उचलतो, नाहीतर मुंग्या लागतात.

आज स्नोईला आंघोळ घातली. ओली झाल्यावर ती कुत्री राहत नाही, बाटली धुण्याचा ब्रश होते. टायगरच्या मानेतून एकवीस गोचीड काढले. मोजले कारण मोजायची सवय आहे.

सवयीने आणखी एक करतो. या डायरीच्या मागच्या पानांवर कुत्र्यांचे येणे-जाणे लिहितो. कोण फाटकाशी केव्हा गेले, केव्हा परतले. आज फोरमन: २.१५ गेटवर, ३.०० परत. त्रेचाळीस डिग्रीत. अक्कल कमी असावी. फाटकाला गोणपाट बांधून सावली केली.

जेवण: नाही. डबा टायगरला.

८ मे, शुक्रवार

फोरमन आजही नाही. काल अर्धी वाटी दूध चाटले, तेवढेच. बरगड्या दिसू लागल्या.

दुर्गहून जनावरांचे डॉक्टर आणले. ते मुख्यतः म्हशींचे आहेत. त्यांनी जीभ पाहिली, पोट दाबले, म्हणाले, बीमारी कुछ नहीं, मालिक की याद है. टॉनिक दिले. बाटलीवर म्हशीचे चित्र आहे. आणखी आठवडाभर असाच राहिला तर भरवसा नाही, असे फाटकाबाहेर गेल्यावर हळू आवाजात सांगितले, जणू कुत्र्याला हिंदी समजते. समजत असेलही.

जाताना त्यांनी माझी जीभ पाहायला मागितली. विनोदी माणूस आहे.

१० मे, रविवार

काल तेजरामचे कार्ड आले, दुसऱ्या कोणीतरी हिंदीत लिहिलेले. ऑपरेशन बारा तारखेला आहे. बाकी सगळे कार्ड फोरमनबद्दल. कसा आहे, रात्री खोकतो का, लगेच कळवा, म्हणजे निश्चिंत होऊन टेबलावर पडता येईल.

दोन तास उत्तर लिहीत होतो. खाऊन नाही राहिला असे लिहिले तर हा माणूस सुया काढून गाडीत बसेल. मजेत आहे असे लिहिले तर खोटी नोंद होते, आणि खोटी नोंद मी सख्ख्या मेव्हण्यासाठीही कधी केली नाही. त्यावरून सुशीला माझ्याशी पंधरा दिवस बोलली नव्हती. ते पंधरा दिवस संपले केव्हा, हेही मला तिनेच नंतर सांगितले.

शेवटी लिहिले: फोरमन हजर आहे.

पेटीत टाकून आलो आणि वाटले की ही नोंद किती दिवस खरी राहील.

११ मे, सोमवार

कांतावहिनी कुंपणाशी आल्या. त्यांचे यजमान आणि मी एकाच दिवशी भिलाईला लागलो होतो, म्हणून बोलायचा हक्क आहे असे त्या समजतात.

"भाऊजी, डबा धुवून येते तुमचा, चाटून आल्यावानी. मले सांगा, आमच्या घरचा डबा मानूस खाऊन राहिला का कुत्रा?"

मी सांगितले की टायगरला त्यांची भेंडी आवडते.

"सुशीला असती तर तिनं तुमाले फोरमनच्या बाजूलेच बांधलं असतं," म्हणाल्या आणि निघून गेल्या. फोरमन त्यांना दिसला होता तर. त्याच्याबद्दल एक अक्षर विचारले नाही. बायकांना जनावरांची कणव असते म्हणतात, तसे काही दिसले नाही.

मला भूक लागत नाही. उन्हाळ्यात लागतच नाही. पँटच्या पट्ट्याला नवीन भोक पाडले.

१३ मे, बुधवार

आज एक चमत्कारिक गोष्ट सापडली, सविस्तर लिहितो.

सकाळी सव्वासहाला फोरमन फाटकाशी जाऊन बसला. उभे राहताना पाय थरथरत होते, तरी गेला. नोंद करायला मागचे पान उघडले. काल: ६.१५ सकाळ. परवा: ६.१०. त्याआधीचा पूर्ण आठवडा, सोमवार ते रविवार: दुपारी २.१५, २.२०, २.१५, २.१५. असे पान मी ओळखतो. असली पाने मी तीस वर्षे तपासली आहेत.

दुपारी दोनला ए शिफ्ट सुटते. सकाळी सहाला सी शिफ्ट सुटते. कोहक्याला पोचायला सायकलीने पंधरा-वीस मिनिटे.

हा कुत्रा शिफ्टमध्ये आहे. तेजराम ज्या आठवड्यात जेव्हा येतो, तेव्हा हा जेवतो. मागच्या सोमवारी ए होती, या सोमवारी सी लागली. मालक तिकडे वेल्लोरला पोट उघडून पडला आहे आणि याची ड्यूटी इथे चालू आहे, बदली सोमवारीच, न सांगता. आणि मी, ज्याने सगळ्या प्लांटच्या शिफ्टा लावल्या, याला आठ आणि सहाला ताटली दाखवत होतो. जनरल शिफ्टच्या माणसाला जगात सगळे जनरल शिफ्टचेच वाटतात.

यावरून आठवले. जानेवारीत रिटायर होऊन हार घालून घरी आलो, तेव्हा सुशीलाने विचारले होते, "आता तुमी दिवसभर घरीच, तर मी केव्हा जेवू?" ती मी साडेपाचला आल्यावरच जेवायची, माझ्या चहाबरोबर काही घेत असेल. मी म्हणालो, केव्हाही जेव. ती हसली नाही. मला तर उत्तर सोपे वाटले होते.

१४ मे, गुरुवार

पावणेसहाला उठून भात केला. सव्वासहाला फाटकाशी फोरमनपुढे ठेवला. त्याने ताटलीकडे पाहिले. शेपटी एकदा हलली. मग माझ्याकडे पाहिले, परत ताटलीकडे, परत माझ्याकडे. खाल्ले नाही.

वेळ बरोबर होती. माझा अंदाज चुकला असेल तर आता दुसरा नाही.

तेजरामचे ऑपरेशन परवा झाले असणार. काय झाले माहीत नाही. ते दोघे एकमेकांची वाट पाहत एकाच दिवशी गेले तर कार्ड कोण कोणाला लिहील. हे लिहायला नको होते, पण पेनने लिहितो, खोडत नाही.

१५ मे, शुक्रवार

सव्वासहा. कालच्याप्रमाणेच. भात ठेवला, तो बसून पाहत राहिला. मला राग आला. आयुष्यात फार कमी वेळा येतो, त्यामुळे काय करायचे ते सुचत नाही. त्याच्यासमोर मातीत बसलो. म्हणालो, विष नाही रे बाबा, हे बघ. त्याच्याच ताटलीतला भात उचलून तोंडात घातला.

तो पुढे झाला आणि त्याने एक घास खाल्ला.

मी थांबलो. तो थांबला. माझ्या हाताकडे पाहत राहिला. मी आणखी एक घास घेतला, त्यानेही घेतला. मीठ नव्हते. मी हात पुसून उठायला गेलो तर तो ताटली सोडून मागे सरकला. परत बसलो. असे आम्ही पूर्ण ताटली संपवली. पंचवीस मिनिटे लागली. तोपर्यंत कांतावहिनी दूध घ्यायला बाहेर आल्या होत्या. भांडे हातात धरून उभ्या राहिल्या, काही म्हणाल्या नाहीत. त्यांच्या बाबतीत ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.

जेवण: फोरमन, झाले.

१६ मे, शनिवार

आज ताटे वेगळी केली. मी पायरीवर, तो खाली. माझ्या ताटात लोणचे घेतले. मी जेवढे खाईन तेवढेच तो खातो, त्यामुळे त्याच्यासाठी मला दीड पोळी खावी लागते. हा त्रास तेजराम येईपर्यंत सोसायला हवा. पोळ्या मीच केल्या. त्यांचे आकार नकाशातल्या कोणत्याही राज्याशी जुळत नाहीत.

डबा परत पाठवला. कांतावहिनींना सांगितले की आता नको, वेळा जुळत नाहीत, सी शिफ्ट आहे. त्या डोळ्याला पदर लावून आत गेल्या. भेंडी वाया गेल्याचे वाईट वाटले असावे.

२० मे, बुधवार

बी शिफ्ट. आमचे जेवण रात्री साडेदहाला. मूर्ती आणि सान्याल दोघेही आपापली कुत्री घेऊन गेले, कूलरवर आता भांडण नाही. मूर्तीबाई म्हणाल्या की स्नोई इतकी स्वच्छ कधीच नव्हती. शेजारच्या लाइनीतले एक गृहस्थ लगेच विचारायला आले की आमच्या ज्युलीलाही आंघोळ घालाल का. रविवारी आणा म्हणालो. नाही म्हणायला वाक्य लांबच लागते.

तेजरामचे कार्ड. ऑपरेशन ठीक झाले. या वेळी स्वतः लिहिले आहे, एकच ओळ: हजर आहे हे वाचून झोप लागली.

१ जून, सोमवार

तेजराम आला. अर्धा झाला आहे. फाटकाशी रिक्षातून उतरला तर फोरमन धावला नाही. उभा राहून पाहत राहिला, मग सावकाश जाऊन त्याच्या पायांवर डोके टेकले आणि तिथेच मुतला. तेजराम रडला. मी आत जाऊन पाणी आणले, ते आणायला जरा जास्त वेळ लावला.

चहा घेताना त्याला शिफ्टचे सांगितले, डायरीतल्या नोंदी दाखवल्या. त्याने बराच वेळ पाने उलटली.

"मले वाटे, ह्याले भूक लागते तवा मी येतो," म्हणाला.

मग मी विचारले की बरोबर जेवण्याची सवय कशी लावली. तो म्हणाला की लावली नाही, खोलीत एकच ताट आहे.

दोरी घेऊन दोघे गेले. घर बरे झाले एकदाचे, शांत. पायरी धुतली. जेवण: केले नाही, दुपार झोपेत गेली.

४ जून, गुरुवार

तीन दिवसांत विशेष नाही. सी शिफ्ट चालू असेल त्याची.

जेवण: चहा.

११ जून, गुरुवार

तेजराम आला, एकटाच, सायकल हातात धरून. डॉक्टरांनी फर्नेस बंद केली, वजन उचलायचे नाही. त्याला स्टोअरमध्ये बसवले आहे, नऊ ते साडेपाच. जनरल शिफ्ट. म्हणाला, आता मीही तुमच्यासारखा बाबू झालो, आणि जमिनीवर थुंकला.

अडचण फोरमनची. मालक जनरलला आला, कुत्रा येत नाही. साडेपाचला ताट ठेवले तर पाहतही नाही. या आठवड्यात बी आहे, तेव्हा रात्री दोघे जेवतात, सी असेल त्या आठवड्यात सकाळी सहालाही जमेल. पण सोमवारपासून ए लागते.

मी म्हणालो की हो, सीनंतर बी, बीनंतर ए, पुढच्या आठवड्यात ए-च आहे.

"तेच तं सांगून राहिलो. दुपारी दोनले मी स्टोअरमंदी. हा उन्हात दाराशी बसंल अन् उपाशी ऱ्हाईल. तिसऱ्या आठवड्याले एकदा, बाबूजी. तुमी तं घरीच असता."

मी विचार केल्यासारखे केले. कॅलेंडरही पाहिले. त्यात कशाचीच नोंद नव्हती. म्हणालो, सोडा त्याला, कोहक्याहून रस्ता माहीत आहे त्याला.

"अन् दुसऱ्या आठवड्यांत?" तेजरामने विचारले.

मी म्हणालो, दुसऱ्या आठवड्यांत काय?

तो माझ्या पँटच्या पट्ट्याकडे पाहत होता. "काही नाही," म्हणाला. "सहाले अन् रात्री आमी जेवतोच खोलीवर. दुसरं ताट घेतो एक."

त्याच्या खोलीत दुसऱ्या ताटाचे काय काम, ते विचारायचे राहिले.

१५ जून, सोमवार

ए शिफ्ट. एकला कणीक मळली. वांग्याची भाजी केली, सुशीला घालायची तसा तीळकूट घातला, जास्त पडला. कांतावहिनीने कुंपणावरून विचारले की इतक्या उन्हात कोणासाठी पोळ्या लाटून राहिले. मी म्हणालो, दोनला ए सुटते.

२.१७ ला फोरमन आला. डोक्याने फाटक ढकलले, सरळ पायरीपर्यंत आला, बसला. अंगावर मांस धरले आहे. मी दोन्ही ताटे वाढली. त्याच्या ताटात दोन पोळ्या, कुस्करून, दुधात. माझ्या ताटात एक.

त्याने माझ्या ताटाकडे पाहिले आणि बसून राहिला.

मी उठलो, आत जाऊन आणखी एक पोळी घेतली. मग आम्ही जेवलो.